धावते वर्णन: बॉबी तल्यारखान, बाळ ज. पंडित आणि कल्याणपलीकडचे श्रोते

मैदानावर चाललेला खेळ, तो चालू असतानाच, मैदानावर नसलेल्या माणसाला केवळ शब्दांतून दाखवणे या व्यवहाराला नभोवाणीच्या परिभाषेत धावते वर्णन किंवा समालोचन म्हणतात. वृत्तपत्रासाठी क्रीडावृत्त लिहिणाऱ्याला सामन्याचा निकाल ठाऊक असतो आणि त्या निकालाच्या उजेडात सकाळच्या कोणत्या घटना सांगायच्या व कोणत्या गाळायच्या हे त्याला ठरवता येते. धावते वर्णन करणाऱ्याला पुढच्या चेंडूचे भवितव्यही ठाऊक नसते आणि तरी त्याला गप्प बसता येत नाही. भारतात या कलेचा आरंभ मुंबईत झाला. तिचा इतिहास बहुधा मायक्रोफोनच्या बाजूने लिहिला जातो, म्हणजे कोण बोलले आणि कसे बोलले याचा. परंतु समालोचनाची भाषा, त्याची लय आणि त्यातील तपशिलांची निवड ज्या कारणांनी बदलत गेली ती कारणे श्रोत्यांच्या बाजूला सापडतात. म्हणून या प्रकरणात मुंबईतील पहिल्या समालोचकाची कारकीर्द आणि पुढे मराठीत आलेले समालोचन यांच्या जोडीला, मुंबईच्या प्रक्षेपणवर्तुळाच्या अगदी कडेवर असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याचा विचार केला आहे.

या कलेच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक अमेरिकेत, बेसबॉलमध्ये झाला. पिट्सबर्ग शहरातील केडीकेए या केंद्राने 5 ऑगस्ट 1921 रोजी फोर्ब्स फील्ड या मैदानावरून पिट्सबर्ग पायरेट्स आणि फिलाडेल्फिया फिलीज यांच्यातील सामन्याचे वर्णन प्रक्षेपित केले. ते करणारा हॅरल्ड आर्लिन हा पंचविशीतला तरुण वेस्टिंगहाउस या विद्युत्‌यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत दिवसा कारखान्यात काम करी आणि संध्याकाळी तिच्याच नभोवाणी केंद्रावर निवेदन करी. टेलिफोनच्या यंत्रात फेरफार करून तयार केलेला मायक्रोफोन हाती घेऊन तो प्रेक्षकांच्या जागेत बसला आणि पायरेट्सने 8-5 असा जिंकलेला तो सामना त्याने बोलून दाखवला. हा प्रयोग पुढे कोणी चालवील की नाही याची खात्री खुद्द त्यालाही नव्हती. काही वर्षांतच तो नभोवाणी सोडून ओहायो राज्यात कारखान्याच्या कामावर परत गेला. 1972 मध्ये त्याचा नातू स्टीव्ह आर्लिन हा सॅन डिएगो पाद्रेस संघाकडून चेंडूफेक करत असताना वृद्ध आजोबांना काही काळ पुन्हा मायक्रोफोनपुढे बसवण्यात आले, ही गोष्ट बेसबॉलच्या इतिहासात कौतुकाने सांगितली जाते. बेसबॉल आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ तुकड्यातुकड्यांनी खेळले जातात. चेंडू टाकला जातो, काही क्षण धावपळ होते आणि मग पुढच्या चेंडूपर्यंत एक रिकामी जागा उरते. फुटबॉलचा समालोचक चेंडूच्या मागे धापा टाकत धावतो, तर या दोन खेळांच्या समालोचकाची खरी परीक्षा त्या रिकाम्या जागेत होते.

इंग्लंडमध्ये क्रिकेटचे पहिले धावते वर्णन बीबीसीने 14 मे 1927 रोजी लेटन येथील एसेक्स विरुद्ध न्यूझीलंड या सामन्याचे केले आणि ते फ्रँक गिलिंगहॅम या क्रिकेट खेळणाऱ्या धर्मोपदेशकाने सांगितले. त्याच वर्षी 23 जुलै रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. कंपनी तीन वर्षांच्या आतच बुडाली, 1930 मध्ये सरकारने तिचा कारभार आपल्याकडे घेतला आणि जून 1936 मध्ये या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. मुंबई केंद्राचा पहिला प्रक्षेपक दीड किलोवॅट क्षमतेचा होता आणि त्याचा भरवशाचा पल्ला सुमारे 48 किलोमीटर धरला जाई. हा आकडा या प्रकरणाच्या दृष्टीने फार बोलका आहे. लोहमार्गाने अंबरनाथ मुंबईपासून सुमारे 60 किलोमीटरांवर आणि बदलापूर त्याहूनही पुढे असले, तरी रेडिओची लहर रुळांवरून जात नाही. सरळ रेषेत मोजल्यास कल्याणलगतचा आजचा उल्हासनगर परिसर 48 किलोमीटरांच्या थोडा अलीकडे, अंबरनाथ जवळपास त्या रेषेवर आणि बदलापूर किंचित पलीकडे येते. नकाशावर मुंबईभोवती कंपासने ते वर्तुळ काढले तर त्याची कड या तीन गावांतून जाते.

हा पल्ला मध्यम लहरींचा होता. मध्यम लहरी दिवसा मुख्यतः जमिनीला धरून प्रवास करतात आणि जसजसे अंतर वाढते तसतशा क्षीण होत जातात. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्‌भारित कणांचा जो थर असतो, त्याचा खालचा पदर दिवसा या लहरींना शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो पदर विरतो आणि मग त्याच लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर उतरतात. त्यामुळे रात्री दूरचे केंद्र स्पष्ट लागते आणि दिवसा पन्नास किलोमीटरांवरचे खरखरते, असा उलटा अनुभव त्या काळच्या श्रोत्यांना येई. क्रिकेट दिवसा खेळले जात असल्यामुळे त्याच्या समालोचनाला जमिनीलगतच्या लहरीवरच विसंबावे लागे. शिवाय या लहरींवर आवाज लहरीच्या उंचीतील चढउताराने वाहून नेला जातो, आणि जवळपास कोठे विजेची ठिणगी पडली की तिचाही चढउतार त्यात मिसळतो; विजेवर चालणाऱ्या गाडीची वरची दांडी तारेवरून सरकताना ठिणगी उडाली की लोहमार्गालगतच्या घरांतील रेडिओ कडकडला, तर त्याचे कारण हेच असे.

1930 च्या सुमारास या पट्ट्यात श्रोते तरी किती असतील, हा प्रश्न योग्यच आहे. अंबरनाथला शिलाहारकालीन शिवमंदिराच्या जोडीला धरमसी मोरारजी यांचा रसायनांचा कारखाना आणि विम्को हा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला होता, बदलापूर हे भातशेतीतले गाव होते आणि उल्हासनगर नावाचे काही अस्तित्वातच नव्हते. रेडिओ संच महाग, वर त्याला सरकारी परवाना, आणि वीज नसेल तेथे जड बॅटऱ्यांचा खर्च. त्यामुळे रेडिओ ही साहेब, कारखान्याचे अधिकारी आणि सुखवस्तू घरे यांच्यापुरती वस्तू होती. पहिला समालोचक नेमका याच श्रोत्याला उद्देशून बोलला, आणि तेही इंग्रजीत.

अर्देशिर फर्दूरजी सोहराबजी तल्यारखान, सर्वांच्या तोंडी बॉबी आणि वृत्तपत्रांत ए. एफ. एस. टी., यांचा जन्म 1897 मध्ये पारशी कुटुंबात झाला. 10 नोव्हेंबर 1934 रोजी मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि मुस्लिम या संघांत झालेल्या चौरंगी स्पर्धेतील सामन्याचे त्यांनी केलेले वर्णन हे भारतातील क्रिकेट समालोचनाचा आरंभ मानले जाते. चौरंगी स्पर्धा म्हणजे युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार समाजांच्या संघांमध्ये दरवर्षी मुंबईत होणारी लढत. कायदेभंगाच्या चळवळीमुळे काही वर्षे बंद राहिलेली ही स्पर्धा 1934 मध्येच पुन्हा सुरू झाली होती, आणि त्यामुळे शहरात तिच्याविषयी जी उत्सुकता साठली होती ती मैदानाच्या कुंपणाबाहेर पोहोचवण्याचे साधन नेमक्या वेळी हाती आले. अशा प्रक्षेपणासाठी मैदानावरून केंद्रापर्यंत टेलिफोनसारखी तार टाकावी लागे आणि समालोचकाचा आवाज त्या तारेवरून आधी केंद्रात व मग प्रक्षेपकाकडे जाई. कलागृहाबाहेरून केलेल्या या कामाला नभोवाणीत बाह्य प्रक्षेपण म्हणतात.

तल्यारखानांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे त्यांचा भारदस्त, घोळदार आवाज आणि किश्शांचा अखंड साठा. दुसरी म्हणजे मायक्रोफोन कोणाशीही वाटून घ्यायला त्यांचा ठाम नकार. सकाळी खेळ सुरू झाल्यापासून संध्याकाळी यष्ट्या उखडेपर्यंत ते एकटेच बोलत आणि विश्रांती घेत ती फक्त उपाहाराच्या आणि चहापानाच्या वेळी. या कामगिरीचा आवाका समजण्यासाठी थोडा हिशेब उपयोगी पडेल. दिवसाचा खेळ साडेपाच तासांचा, म्हणजे 330 मिनिटांचा धरला आणि त्यात शंभर षटके, म्हणजे 600 चेंडू पडले असे मानले, तर प्रत्येक चेंडूवरची प्रत्यक्ष हालचाल सरासरी सहा सेकंदांत संपते आणि दिवसभरात खेळ असा सारा मिळून एक तास होतो. उरलेले साडेचार तास गोलंदाज आपल्या धावेच्या खुणेकडे परत चालत असतो, कर्णधार क्षेत्ररक्षक हलवत असतो किंवा फलंदाज खेळपट्टी ठोकत असतो. एका माणसाने हे साडेचार तास दिवसामागून दिवस भरून काढायचे, आणि तेही आपण कंटाळलो आहोत हे आवाजात कळू न देता. पुढच्या पिढीतील समालोचक वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी बोलू लागले, तेव्हा त्यांना आकडेपटूची, तज्ज्ञाची आणि घोटभर पाण्याची सोय मिळाली; तल्यारखानांजवळ स्मरणशक्ती आणि गप्पिष्टपणा एवढेच भांडवल होते.

एकट्याने बोलण्याचा एक परिणाम असा होतो की संपूर्ण सामन्याला एकाच माणसाचे मत लाभते. श्रोत्यासाठी धावसंख्या ही वस्तुस्थिती असते, पण झेल सोपा होता की अवघड, पंचांचा निर्णय बरोबर वाटला की नाही, कर्णधाराने गोलंदाजी बदलायला उशीर केला का, या साऱ्यात समालोचकाचा शब्द हाच पुरावा ठरतो. जेथे संघच धर्म आणि समाज यांच्या नावाने उतरत होते, तेथे ही जबाबदारी नाजूक होती. 1937 मध्ये ख्रिस्ती, ज्यू आदींचा ‘इतर’ हा पाचवा संघ आल्याने स्पर्धा पंचरंगी झाली आणि ती नव्या ब्रेबोर्न स्टेडियमवर गेली. त्या वर्षी आसनांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याने अंगही काढून घेतले होते. याच काळात, डिसेंबर 1943 मध्ये, सांगलीच्या विजय हजारे यांनी ‘इतर’ संघाच्या 387 धावांपैकी एकट्याने 309 केल्या, आणि तरीही 581 धावा उभारणाऱ्या हिंदू संघाने तो सामना जिंकला. महात्मा गांधींनी डिसेंबर 1940 मध्ये जातीय पायावरील क्रिकेटला उघड विरोध नोंदवला, मतभेद वाढत गेले आणि 1946 मध्ये ही स्पर्धा कायमची संपली. समाजासमाजांतील चुरस पेटवणारी म्हणून तिची निंदा झाली ती अकारण नव्हती. पण रेडिओवरच्या क्रिकेटला पहिला मोठा श्रोतृवर्ग तिनेच मिळवून दिला, हेही नाकारता येत नाही.

फाळणीनंतर वर्तुळाच्या कडेवरचे चित्र झपाट्याने पालटले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी उभारलेल्या छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पत्ते आजही कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगितले जातात. क्रिकेट या लोकांना मुंबईने शिकवले असे मानण्याचे कारण नाही. कराचीतही समाजवार संघांच्या स्पर्धा होत, आणि जून 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताने खेळलेल्या पहिल्या कसोटीत डावाची सुरुवात करणाऱ्यांपैकी नऊमल जेऊमल हे कराचीचे सिंधी होते. त्या सामन्यात त्यांनी 33 आणि 25 धावा केल्या आणि 1980 मध्ये त्यांचे निधन मुंबईत झाले. नभोवाणी केंद्र मात्र फाळणीपूर्वीच्या कराचीत नव्हते. पाकिस्तानच्या वाट्याला आली ती लाहोर, पेशावर आणि ढाका ही तीनच. मुंबईजवळ येऊन पडलेल्या या समाजाच्या नशिबी घरदार गमावणे आले, पण मैदानावरचा आवाज दिवसा ऐकू येईल इतक्या अंतरावर तो वसला, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योग आहे.

नेमक्या याच संधिकाळात तल्यारखानांची पहिली कारकीर्द संपली. 1948-49 च्या हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला तेव्हा ऑल इंडिया रेडिओने एकाऐवजी तीन समालोचकांनी आळीपाळीने बोलण्याची पद्धत आणली, आणि मायक्रोफोन वाटून घेणे मान्य नसल्यामुळे तल्यारखान बाजूला झाले. त्या मालिकेचा शेवट रेडिओसाठीच रचल्यासारखा होता. फेब्रुवारी 1949 मध्ये ब्रेबोर्नवरील पाचव्या कसोटीत भारताला विजयासाठी 361 धावा हव्या होत्या. हजारे यांनी 122 आणि रुसी मोदी यांनी 86 धावा केल्या, दत्तू फडकर शेवटपर्यंत झुंजत राहिले आणि 8 बाद 355 असताना, षटक पूर्ण होण्याआधीच पंचांनी खेळ संपल्याची खूण केली. सहा धावा उरल्या. असा प्रसंग सांगायला तल्यारखानांसारखा कथेकरी माणूस हवा होता असे वाटणे स्वाभाविक आहे, तरी आकाशवाणीचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. एकाच आवाजाच्या मक्तेदारीत दुसऱ्या शैलीला जागा नव्हती आणि दुसऱ्या भाषेला तर नव्हतीच; पाळीपाळीने बोलण्याची चौकट आल्यावरच पुढे इंग्रजी आणि हिंदी एकाच प्रक्षेपणात नांदू शकल्या. तल्यारखान पुढे काही प्रसंगी समालोचनासाठी परतले, परंतु त्यांचा खरा मुक्काम आता वृत्तपत्रांतील सदरांत होता. तेथे क्रिकेटइतक्याच आवेशाने त्यांनी मुंबईच्या फुटबॉलची बाजू मांडली आणि खेळांच्या संघटकांवर बोचरी टीका केली. 1990 मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी आलेल्या बेरी सर्वाधिकारी, देवराज पुरी, विजयानगरमचे महाराजकुमार ऊर्फ विझी, पिअरसन सुरिटा यांच्या पिढीचे वेगळे मूल्यमापन येथे आवश्यक नाही. तीही इंग्रजीच बोलत होती. श्रोता मात्र बदलत होता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सहा आकाशवाणी केंद्रे होती आणि त्यांचा आवाज अवघ्या अकरा टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचे. पुढच्या दोन दशकांत नवी केंद्रे, मुंबईसाठी मालाडचे अधिक शक्तिशाली प्रक्षेपक आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे ट्रान्झिस्टर, यांनी हे गणित उलटेपालटे केले. पूर्वीच्या संचात काचेच्या झडपा असत, त्या तापाव्या लागत आणि त्यांना भरपूर वीज लागे. 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागलेल्या ट्रान्झिस्टरच्या शोधामुळे तेच काम टॉर्चच्या सेलवर चालणारा, हातात मावणारा संच करू लागला. संच बनवणारेही जवळच होते, ठाण्यात मर्फी कंपनीचा कारखाना होता. परदेशी वस्तूंसारख्या हुबेहूब वस्तू बनवणाऱ्या उल्हासनगरच्या कारागिरीवरून ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद महाराष्ट्रभर पसरला, आणि त्या विनोदात थट्टेइतकेच कौतुकही आहे.

अंबरनाथमध्ये 1953 मध्ये यंत्र-हत्यारांचा सरकारी कारखाना उभा राहिला, शस्त्रसामग्रीचा कारखाना, रसायने, आगपेट्या यांच्या जोडीला औद्योगिक वसाहत आली आणि पाळ्यांमध्ये काम करणारा मोठा मराठी कामगारवर्ग येथे स्थिरावला. बदलापूर आणि कुळगावातून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली. या माणसाची रेडिओ ऐकण्याची रीत तल्यारखानांच्या श्रोत्यापेक्षा अगदी निराळी होती. तो आरामखुर्चीत बसून दिवसभराचा खेळ सलग ऐकत नसे. दुसरी पाळी सुरू होण्यापूर्वी अर्धा तास, कर्जत लोकलमध्ये कोणाच्या तरी कानाला लावलेल्या ट्रान्झिस्टरवर चार षटके, पानाच्या टपरीपुढे ‘किती झाले?’ असे विचारत उभ्याउभ्या दहा मिनिटे, अशा तुकड्यांत तो सामना ऐके. अशा श्रोत्यासाठी धावफलक वरचेवर सांगावा लागतो, कोण खेळतो आहे आणि कोण बाद झाला हे पुनःपुन्हा उगाळावे लागते, आणि लांबलचक किस्सा अर्ध्यावर सोडावा लागतो. समालोचनाची शैली आखूड होत गेली त्याचे एक कारण नव्या समालोचकांच्या स्वभावात असेल, पण दुसरे या तुटक ऐकण्यात नक्कीच आहे.

याच श्रोत्याला त्याच्या भाषेत सामना सांगण्याचे काम ज्यांनी प्रतिष्ठेला पोहोचवले त्यांत पुण्याचे बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रभागी आहे. 24 जुलै 1929 रोजी जन्मलेले पंडित स्वतः महाराष्ट्राकडून प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले, आकाशवाणीवरून मराठीत समालोचन केले आणि क्रिकेटवर मराठीत विपुल लेखनही केले. सप्टेंबर 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. तल्यारखानांना भाषा आयती मिळाली होती, कारण क्रिकेटची इंग्रजी दोनशे वर्षे मैदानावरच रुळलेली होती. मराठी समालोचकाला शब्दही जुळवायचे होते आणि त्याच दमात चेंडूही गाठायचा होता.

या अडचणीचा सर्वांत रोचक भाग शब्दसंग्रहात नाही, तो वाक्यरचनेत आहे. गोलंदाज, यष्टिरक्षक, पायचीत, धावबाद, निर्धाव षटक हे शब्द वृत्तपत्रांनी आधीच चलनात आणले होते आणि जेथे मराठी प्रतिशब्द जड वाटे तेथे ‘स्लिप’, ‘गली’, ‘मिडऑन’ तसेच ठेवण्याचा शहाणपणा बहुतेकांनी दाखवला. मराठी वाक्यात मात्र क्रियापद शेवटी येते, आणि क्रिकेटमध्ये घडलेली गोष्ट क्रियापदातच असते. ‘बेदीने टाकलेला उंचीचा चेंडू पुढे सरसावत मिडऑनच्या डोक्यावरून सीमारेषेकडे फटकावण्याच्या प्रयत्नात फलंदाज झेलबाद झाला’ हे वाक्य छापील वृत्तात शोभते, पण ते बोलून होईपर्यंत मैदानावरच्या प्रेक्षकांचा गलका मायक्रोफोनमधून श्रोत्याला निकाल सांगून मोकळा झालेला असतो. म्हणून मराठी समालोचनाने वाक्य मोडून टाकले. ‘चेंडू उंच... फलंदाज पुढे... उंच फटका, चेंडू हवेत, खाली क्षेत्ररक्षक... आणि झेल!’ अशी क्रियापदाविना धावणारी, घटनेच्या क्रमानेच पुढे जाणारी रचना रूढ झाली. पुस्तकी मराठीला ही रचना अपुरी वाटेल. बोलल्या जाणाऱ्या मराठीला ती परकी नव्हती. कीर्तनातील आख्यान रंगात आले की कथेकरीबुवाही क्रियापदे वाऱ्यावर सोडतातच. खेळाडूंचा उल्लेख एकेरी आणि पंचांचा बहुवचनी, हा दंडकही बोलण्यातूनच आला.

दुसरी गोष्ट जागेची. जो श्रोता ब्रेबोर्नला किंवा 1975 पासून कसोटी सामने भरू लागलेल्या वानखेडेला कधी गेलेलाच नाही, त्याला गोलंदाज कोठून धावत येतो हे कसे समजणार? ‘पॅव्हेलियनच्या टोकाकडून’, ‘टाटा एंडकडून’ या उल्लेखांनी कान तयार झाले की मैदान मनात उभे राहते, आणि एकदा उभे राहिले की प्रत्येक सामन्यात तेच वापरले जाते. मराठी वृत्तपत्रांनीही या कामी हातभार लावला. महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकर यांनी 1960 च्या दशकापासून खेळाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र भाषा मिळवून दिली, आणि आदल्या दिवशी कानांनी ऐकलेला सामना दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये डोळ्यांनी वाचून पडताळणारा वाचक तयार झाला.

या ऐकण्याचा कळस 1971 मध्ये आला. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने आधी वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली आणि 24 ऑगस्ट रोजी ओव्हलवर चंद्रशेखर यांच्या 38 धावांत 6 बळींच्या जोरावर इंग्लंडला हरवले. लंडनमधील भोजनानंतरची वेळ म्हणजे भारतातील तिन्हीसांज, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. ओव्हलवर भारतीय समर्थकांनी बेला नावाची हत्तीण प्राणिसंग्रहालयातून मैदानावर आणल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. परदेशातील समालोचन लघुलहरींवरून येई. या लहरी आकाशातील विद्युत्‌भारित थरांवरून उसळ्या घेत हजारो मैल येत असल्याने त्यांचा आवाज लाटेसारखा चढे आणि बुडे, आणि नेमका बळी पडताना तो बुडाला की ऐकणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मात्र मुंबईपासूनचे अंतर येथे अप्रस्तुत ठरे. मध्यम लहरींच्या बाबतीत कडेवर असलेले बदलापूर लंडनच्या बाबतीत मलबार हिलच्या अगदी बरोबरीला होते.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि ज्या वर्तुळात आधी दूरदर्शन पोहोचले तेथे आधी रेडिओ मागे पडला. चित्र दिसू लागल्यावर ‘चेंडू उंच’ असे सांगण्याची गरज उरत नाही. दूरदर्शनच्या समालोचकाने दिसते ते सांगितले तर तो कंटाळवाणा वाटतो. सुरेश सरैया यांच्यासारख्यांनी मात्र 2012 मध्ये मृत्यू येईपर्यंत आकाशवाणीसाठी शब्दांनी मैदान उभे करण्याची जुनी रीत चालू ठेवली, आणि प्रवासात किंवा कामावर असणाऱ्यांपुरता तिला श्रोताही राहिला.

धावत्या वर्णनाची सर्वांत जोमदार मराठी शाखा आज आकाशवाणीवर सापडणार नाही. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत, अंबरनाथ-बदलापूरभोवतालच्या गावांतही, हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. भाताची कापणी झालेले शेत किंवा गावाबाहेरचे माळरान सपाट करून केलेले मैदान, मोजक्या षटकांचे सामने, आणि कडेला मंडपात लाउडस्पीकरपुढे बसलेला समालोचक हे त्यांचे ठरलेले रूप आहे. हा समालोचक सकाळपासून रात्रीच्या प्रकाशझोतापर्यंत बहुतेक मराठीत, मध्येच आगरी बोलीत आणि रंगात आला की हिंदीतही बोलतो. चेंडूचे वर्णन करता करता बक्षीस पुरस्कृत करणाऱ्यांची नावे घेतो, पुढच्या संघाला मैदानाशेजारी तयार राहायला सांगतो आणि वाट अडवून लावलेली मोटार हलवण्याची सूचनाही करतो. त्याचा श्रोता समोरच बसलेला असल्यामुळे त्याला मैदान उभे करावे लागत नाही. परंतु अलीकडे या स्पर्धा मोबाइलवरून थेट दाखवल्या जातात, पडद्यावरचा छोटा चेंडू चटकन दिसत नाही, आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेला गावचा मुलगा तो सामना आवाजावरच समजून घेतो, आणि त्यामुळे हे समालोचक पुन्हा फलंदाजाचे गाव, चेंडूची दिशा आणि हव्या असलेल्या धावा प्रत्येक चेंडूआधी सांगू लागले आहेत.